दळणाचं चित्र कोणी काढलं?

1890 च्या वसंतात पॅरिसमधल्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. सातशेच्या वर चित्रं होती. केस विंचरणाऱ्या, मुलांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या, आरशात डोकावणाऱ्या बायका त्यात जागोजाग होत्या. मेरी कसाट ही चित्रकर्ती ते प्रदर्शन पाहून झपाटून गेली. ती मूळची अमेरिकेची. 1874 मध्ये पॅरिसला स्थायिक झाली आणि एदगार देगाच्या बोलावण्यावरून इम्प्रेशनिस्ट मंडळींत सामील झाली. प्रदर्शनानंतर तिनं तांब्याचे पत्रे घेतले, सुईनं रेघा कोरल्या, हातानं रंग चढवले आणि दहा चित्रांचा एक संच छापला. प्रत्येक चित्राच्या 25 प्रती. 1891 मध्ये तो संच लोकांपुढे आला.

त्या दहा चित्रांत काय आहे? एक बाई बाळाला टबात बसवण्याआधी पाण्यात हात घालून पाहते आहे. एक पाकिटाची कड ओठांनी ओली करते आहे. एकीच्या झग्याचं माप शिंपीण वाकून ठीकठाक करते आहे. एक दिव्यापाशी बसली आहे, एक केस बांधते आहे, दोघी चहाला बसल्या आहेत. देवी नाही, राणी नाही, पुराणातला प्रसंग नाही. बहुतेक सगळा उंबऱ्याच्या आतला साधा दिवस, बस्स.

हा विषय कसाटनं हौसेनं निवडला, तसाच तो तिच्या वाट्यालाही आला होता. देगा कॅफेत बसायचा, नाटकगृहाच्या पडद्यामागे जायचा, घोड्यांच्या शर्यतींना हजर असायचा. खानदानी घरातल्या बाईला एकटीनं असं हिंडायची मुभा नव्हती. तिच्याआधी बर्थ मोरिसोचीही तीच गत. 1874 च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात मोरिसोनं ‘पाळणा’ हे चित्र मांडलं. त्यात तिची बहीण एदमा झोपलेल्या तान्ह्या लेकीकडे पाहत बसली आहे. घरात राहावं लागलं, म्हणून घर बारकाईनं पाहिलं गेलं.

मात्र या घरांत राबणारे हात बहुतेक वेळा चौकटीबाहेरच राहिले. कसाटच्या बायका चहा पितात, पण चहाचं पाणी कोणी उकळलं ते चित्रात दिसत नाही. अपवाद आहेत. मोरिसोनं आपल्या मुलीला, ज्युलीला, पाजणारी पगारी दाई रंगवली. कामीय पिसारोनं 1882 मध्ये पोंतवाजच्या बागेत भांडी घासणारी तरुण बाई रंगवली. देगानं इस्त्री करणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा काढल्या, त्यातली एक तर जांभई देते आहे. तरी चित्र काढणारा एक आणि कंबर मोडून काम करणारी दुसरी, ही वाटणी कायमच राहिली.

कसाटचा संच आला त्याच दशकात पुण्याच्या पश्चिमेलाही छापचित्रांचा एक कारखाना उभा राहत होता. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला, म्हणजे पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी मावळात, हलवला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती घरोघर गेल्या. नऊवारी नेसलेल्या या देवी देव्हाऱ्यात आल्या, दुकानात आल्या, कॅलेंडरवर आल्या. मळवलीच्या भोवतालच्या वाड्यांत त्या वेळी बायका पहाटे नाचणी दळत होत्या. छापखान्याच्या दगडावर मात्र त्यांच्यापैकी कोणी उमटली नाही.

मुंबईत चित्रकार म. वि. धुरंधर होते. ज्या वर्षी पॅरिसला जपानी चित्रं पाहायला झुंबड उडाली, त्याच 1890 मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि 41 वर्षं तिथेच रमले. बाईची चाल, पदराची घडी, डोईवरच्या टोपलीचा तोल त्यांच्याइतका नेमका फार थोड्यांनी पकडला. ऑटो रॉथफेल्ड या अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920 च्या पुस्तकासाठी त्यांनी देशभरातल्या बायका रंगवल्या. पण त्या बायका आपापल्या जातीच्या, प्रांताच्या, धंद्याच्या प्रतिनिधी म्हणून उभ्या आहेत. कोळणीच्या घरात संध्याकाळी चूल कशी पेटते, हे ते पुस्तक सांगत नाही. पुढे सा. ल. हळदणकरांनी आपल्या लेकीला, गीताला, हातात दिवा देऊन उभं केलं आणि जलरंगातलं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात जाऊन अजरामर झालं. अनेक जण ते रविवर्म्याचंच समजतात. दिवा धरलेली बाई मराठी घरांच्या भिंतीवर आली, पीठ सावडणारी बाई भिंतीवर आली नाही.

म्हणून याच डोंगरी मावळातल्या भोर आणि वेल्ह्याकडे वळायचं. घरकामाचं बारीकसारीक चित्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या काढलं गेलं. त्याला कागद लागला नाही, ब्रशही लागला नाही.

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायणांकडे सचिवपद आलं आणि त्यांच्या वंशजांनी 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन होईपर्यंत इथला कारभार पाहिला. संस्थानाच्या तालुक्यांची नावं किल्ल्यांवरून पडलेली: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड, आणि शिवाय पवन मावळ. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळालं. संस्थानी कागदपत्रांत ते पूर्वीपासून होतंच. हिरडस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं हा सगळा मुलूख शिवकालाच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतो. कारीच्या जेध्यांची शकावली आणि करीना हे तर इतिहासलेखनाचे आधारस्तंभ. लढाया, वतनं, तंटे, निवाडे, मृत्यू यांच्या नोंदी त्यात सापडतात. स्वारीला निघालेल्या मावळ्याच्या फडक्यात बांधलेली भाकरी कोणी थापली, ही नोंद कुठल्याच बखरीत नाही.

त्या भाकरीची सुरुवात पहाटे व्हायची.

वेल्ह्याकडच्या डोंगरातलं जुनं घर पावसाला घाबरून बांधलेलं असे. उतरतं छप्पर, ठेंगण्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, घरातच एका बाजूला जनावरं, वर माळा. माळ्यावर चार महिन्यांची बेगमी: वाळलेलं सरपण, गोवऱ्या, बियाणं. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढायचा आणि जाता जाता माळ्यावरचं लाकूड कोरडं ठेवायचा. माजघराच्या कोपऱ्यात जातं. भात भरडायचं, मग उखळात मुसळानं कांडायचं. नाचणी, वरई दळायची. गोठ्यातलं शेण काढायचं, विहिरीवरून किंवा झऱ्यावरून हंडे आणायचे, भाकऱ्या थापायच्या, मग शेतावर निघायचं. आषाढात भाताच्या आवणीला बाई पाठीवर इरलं घेऊन गुडघाभर चिखलात वाकायची आणि अंधार पडता घरी येऊन त्याच हातानं चूल पेटवायची.

या सगळ्या कामांत बाईला जागेवर बसवणारं आणि तरी सगळ्यांच्या नजरेआड ठेवणारं काम एकच होतं, दळणाचं. घरातली पुरुषमाणसं आणि पोरं झोपलेली. बाहेर अंधार. जात्याच्या दोन तळ्या, वरच्या तळीला उभा लाकडी खुंटा. एकटी असेल तर बाई एक पाय लांब करून बसायची, एका हातानं खुंटा ओढायची आणि दुसऱ्या हातानं तोंडात घास टाकायची. जोडीला जाऊ किंवा नणंद आली तर दोघी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोन मुठी. घास मोठा पडला की पीठ जाडंभरडं येतं, लहान पडला की दगडावर दगड घासतो. नाचणीचा दाणा बारीक, म्हणून घासाचा अंदाज आणखी नाजूक. कडेनं पीठ पडत राहतं, मध्येच ते सावडून सुपात घ्यायचं. तळी गुळगुळीत झाली की जातं नुसतं फिरतं, दळत नाही. मग गावात टाकी लावणारा येईपर्यंत थांबायचं. तो छिन्नी-हातोडीनं दगडाला पुन्हा खडबडीत करून द्यायचा.

खुंट्याची एक फेरी पुरी होते तेवढ्यात शब्दांचा एक तुकडा बसतो. असे तुकडे जुळत जातात आणि ओवी तयार होते. ओवी म्हणायला ऐकणारं कोणी लागत नाही. जातं ऐकतं. म्हणूनच या ओव्यांमध्ये बाई जात्यालाच हाक मारते, त्याला देव म्हणते, त्याच्याशी तक्रार करते. दंडात ताकद कुठून येते, तर आईच्या दुधातून, असं ती पुन्हा पुन्हा सांगते. जड जातं आणि थकलेला हात यांचा हिशेब आईपाशी नेऊन ठेवते.

चित्रकार जे करतो ते सगळं ओवीत आहे. वेळ आहे: कोंबडा आरवायच्या आतली. उजेड आहे: दिव्याचा, चुलीचा, उगवतीचा. वस्तू आहेत: सूप, शिंकं, पाटी, घडा, काकणं. माणसं आहेत: सासू, दीर, वन्सं, भाऊ, आणि दारापासून बरीच लांब असलेली आई. प्रसंग आहेत: भाऊ पाहुणा आला तेव्हा काय वाढलं, माहेराहून निघताना कोण वळून पाहत होतं, चोळीचा खण कोणी घेतला. मोरिसोच्या पाळण्यावर बारीक कापडाची जाळी आहे, तशीच मावळातली बाई शेजारणीच्या लुगड्याचा काठ एका शब्दात टिपते. फरक इतकाच की इथे पाहणारी आणि राबणारी एकच आहे. जिचा हात खुंट्यावर आहे, तीच चित्र काढते आहे.

तिच्या ओव्यांत सीताही फार येते. पण ही सीता मळवलीच्या छापखान्यातून निघाली नव्हती. ती वनवासात एकटी बाळंत होणारी, कुणी शेक द्यायला नसलेली, पाळण्याऐवजी जमिनीवर बाळ निजवणारी बाई आहे. मावळातल्या बाईनं सीतेला स्वतःच्या घरातली करून घेतलं.

या घरांतले पुरुष बऱ्याचदा मुंबईत असायचे. भोर, वेल्हे, मुळशीच्या डोंगरात पावसाळ्यातलं एक पीक संपलं की हाताला काम नसे. गिरणीत, गोदीत, हमालीत, कुणाच्या घरी गडी म्हणून, मिळेल तिथे माणूस जायचा. गावाकडे मनीऑर्डर यायची, सोबत दोन ओळी. कसाटची बाई पाकीट स्वतः बंद करते, कारण पत्र तिनं स्वतः लिहिलेलं आहे. वेल्ह्यातल्या बाईला ते दोन शब्दही पोस्टमनकडून किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे लागायचे. जे बोलायचं ते पोराच्या देखत सांगणार कसं? ते जात्यावर बोललं जायचं. मुंबई, आगगाडी, गिरणीचा भोंगा ओवीत येऊन बसला तो असा.

बायकांनी हातानं काढलेली चित्रंही या भागात होती, पण त्यांचं आयुष्य एका दिवसाचं. सारवताना बोटांनी उमटवलेल्या कमानी. नागपंचमीला भिंतीवर काढलेला नाग. भाद्रपदात गौर घरात आणताना उंबऱ्यापासून आतपर्यंत उमटवलेली पावलं. ती स्वयंपाकघरात, धान्याच्या कणगीपाशी, गोठ्यात नेऊन गौरीला घर दाखवायचं. भोर गावातल्या ब्राह्मण घरांत चैत्रात अंगणात चैत्रांगण निघायचं. त्यात सूर्य-चंद्र, शंख, गोपद्मं, कमळ यांच्या बरोबरीनं फणी, करंडा, आरसा, पाळणा, तुळशीवृंदावन काढायचं. देवघर आणि शृंगाराची पेटी एकाच जमिनीवर. संध्याकाळपर्यंत पायांखाली ते पुसून जायचं आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नसे, कारण उद्या पुन्हा काढायचंच असे.

ओवीही अशीच पुसून गेली असती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून आयुष्यभर हे काम केलं. पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत याला वेगळं वळण मिळालं ते हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्यामुळे. प्वातवाँ जन्मानं फ्रेंच, पुढे भारताचे नागरिक झालेले, राईरकर पुण्याच्या. दोघं लोकगीतं जमवायला म्हणून डोंगरात गेले नव्हते. गरीब डोंगरी संघटनेच्या कामात गावोगाव बैठका व्हायच्या, रेशन, रस्ता, मजुरी हे विषय निघायचे आणि सभेत गप्प बसणाऱ्या बायका जात्याचा विषय निघाला की तासन्‌तास बोलायच्या. 1980 च्या दशकात या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. लिहून घेणाऱ्यांमध्ये गावातल्याच कार्यकर्त्या होत्या, ज्यांच्या स्वतःच्या तोंडी शेकड्यानं ओव्या होत्या.

पुढे हे काम मावळाबाहेर, मराठवाड्यापर्यंत पसरलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. 1990 च्या दशकात बर्नार बेल हा फ्रेंच संगणक-संगीतज्ञ या कामात आला आणि बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, दगडाच्या घरघरीसकट. 1996 मध्ये प्वातवाँ आणि राईरकर यांचं ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हे पुस्तक आलं. प्वातवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर हा ठेवा ‘जात्यावरच्या ओव्या’ म्हणून टप्प्याटप्प्यानं मांडला जातो आहे.

या संग्रहाची शिस्त पाहण्यासारखी आहे. ओवीसोबत म्हणणारीचं नाव, गाव, तालुका नोंदवलेला असतो. पॅरिसच्या चित्रांत समोर बसलेली बाई घरची असेल तरच तिचं नाव कळतं. मोलकरीण असली की ती ‘एक तरुण बाई’ होऊन जाते. धुरंधरांच्या बायकांनाही जात आणि प्रांत आहे, नाव नाही. लोकसाहित्याच्या जुन्या पुस्तकांतही ओवी बहुधा ‘लोकांची’ असते, कुणा एकीची नसते. इथे मात्र नोंदीत ती तिची आहे.

जातं थांबलं कसं? एकदम नाही. आधी बाजाराच्या गावात डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी आली. नसरापूरला, भोरला, वेल्ह्याला डोक्यावर पाटी घेऊन जाणं परवडू लागलं. मग वीज जशी वाडीवाडीपर्यंत पोचली तशी गिरणी जवळ आली. भात सडायलाही यंत्र आलं आणि उखळ-मुसळ अंगणात पडून राहिलं. त्याच काळात खोऱ्यांचा नकाशाही बदलत होता. वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आधीच झालं होतं. वेल्हे तालुक्यात पानशेत आलं, 12 जुलै 1961 ला फुटलं, पुन्हा बांधलं गेलं. पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या बायका नव्या घरी गेल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी जातं नेणं हाच प्रश्न होता. एवढा दगड कोण वाहणार?

बायकांना याचं दुःख झालं का? वयस्क बायकांना विचारलं तर बहुतेक जणी आधी गिरणीला दुवा देतात. पहाटेची झोप मिळाली, दंड वाचले. दळणाला कष्टाचं काम म्हणून त्या आठवतात, आणि ओवी त्याच कष्टाची सोबतीण होती हेही सांगतात. शहरातल्या माणसाला जातं दिसलं की हळवेपण येतं. जिनं ते ओढलं आहे तिला त्याचं वजन आठवतं.

आज भोर-वेल्ह्यात रस्त्याकडेच्या हॉटेलांच्या दारात जात्याच्या तळ्या शोभेला मांडलेल्या दिसतात, काही ठिकाणी पायरी म्हणून बसवलेल्या. घरात जातं बाहेर निघतं ते लग्नाला. त्याला सुपारी-हळकुंड बांधतात, पाच सुवासिनी हळद दळतात आणि त्या वेळी काही ओव्या म्हटल्या जातात, नवरा-नवरीच्या, मांडवाच्या, देवाला आवतण द्यायच्या. मंगल प्रसंगाच्या ओव्या अशा अजून तोंडात आहेत. उपाशी निजलेल्या पोराची, सासूच्या टोमण्याची, सुजलेल्या मनगटाची, मुंबईहून न आलेल्या मनीऑर्डरची ओवी हळदीच्या दिवशी कोणी म्हणत नाही. ती आता लिहून घेतलेल्या वह्यांत आणि तीसेक वर्षांपूर्वीच्या ध्वनिफितींत आहे, गावाच्या आणि बाईच्या नावासह.